नदी एक, कलेक्टर दोन: सीमेवरच्या गावांसाठी सगळ्या धोक्यांचा एकत्र अंदाज कसा काढायचा

आपल्याकडं आपत्तीचे आराखडे कमी नाहीत. कोल्हापूरचा आहे, सांगलीचा आहे, बेळगावचा आहे, दर उन्हाळ्यात तारीख बदलून नवीन निघतो. गंमत अशी की यातले बहुतेक नकाशे जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत रंगवलेले असतात आणि पुढं पांढरं. म्हणजे शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर निळं, आणि नदीच्या पलीकडं दिसणारं जुगूळ कोरंच, कारण ते कर्नाटकात. आता ज्यानं खिद्रापुरात पूर बघितलाय त्याला विचारा, पाणी जुगूळला विचारून आलं का.

तर हे लिखाण त्यांच्यासाठी आहे ज्यांना हा पांढरा भाग भरायचाय. ग्रामपंचायतीवर असाल, आपदा मित्र, म्हणजे आपत्तीच्या कामाचं सरकारी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असाल, तलाठी-ग्रामसेवक असाल, नाहीतर एखाद्या मंडळातर्फे पुराच्या वेळी बोट घेऊन फिरणारे असाल, तुम्हाला इंजिनियर असायची गरज नाही. एक मोठा कागद, दोन्ही राज्यांतली दोन-चार माणसं आणि थोडी चिकाटी एवढं पुरे. मी कृष्णा-पंचगंगा-दूधगंगेचा पट्टा धरून सांगतो, कारण तो मला माहितीय, पण पद्धत महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या तिलारीच्या खोऱ्यालाही तशीच लागू पडते.

सगळ्यात आधी जिल्हा विसरा, खोरं धरा

कागदावर आधी नद्या काढा. कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा आणि या सगळ्या जिला मिळतात ती कृष्णा. धरणं टाका: कोयना, चांदोली, राधानगरी, काळम्मावाडी. मग सांगलीचा आयर्विन पूल, कोल्हापूरचा राजाराम बंधारा, नृसिंहवाडीचा संगम, राजापूर बंधारा, आणि खाली कर्नाटकात कल्लोळ, कुडची, हिप्परगी, अलमट्टी धरण. राज्याची हद्द सगळ्यात शेवटी काढायची आणि तीही तुटक रेघेनं. आधी काढली की डोकं तिथंच थांबतं, हे मी बऱ्याच मिटिंगांत बघितलंय, लोक "ते त्यांचं बघतील" म्हणून मोकळे होतात.

नदी काढली की अजून एक थर टाकायचा, तो माणसांच्या जाण्यायेण्याचा. अथणी-चिकोडीकडचा पेशंट डायलिसिसला मिरजेला येतो. दत्तवाडच्या माणसाची जमीन नदीपलीकडं असते. मिरज-बेळगाव रेल्वे कुडचीजवळ कृष्णा ओलांडते. पुणे-बेंगळुरू हायवे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेवरून जातो, आणि २०२१ च्या पुरात तिथं पाणी आल्यावर हायवे बंद पडला होता. हा थर टाकल्यावर कळतं की पूर गावात न येताही गाव अडकू शकतं. कागदावर तुमचं गाव पूररेषेच्या बाहेर असेल, पण गावाचा दवाखाना पूररेषेच्या पलीकडं असेल तर ते गाव यादीत आलंच पाहिजे.

आकडे एका मापात आणा, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक गोंधळ इथंच होतो.

आपल्याकडं नदीची पातळी फुटात सांगतात. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९, धोका ४३. अलमट्टीची पातळी मात्र मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून, पूर्ण भरल्यावर ५१९.६० मीटर. राधानगरी पुन्हा वेगळंच, ते भरलं की ३४७.५० फूट म्हणतात, पण तो आकडा तिथल्या स्थानिक शून्यापासूनचा, समुद्रसपाटीशी त्याचा काही संबंध नाही. आता ही सगळी माहिती एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते आणि लोक फूट-मीटर सरळ एकमेकांशी ताडून बघायला लागतात.

त्यामुळं पहिलं काम असं की प्रत्येक गेजचा, म्हणजे नदीची पातळी मोजायच्या पट्टीचा, शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते पाटबंधारे खात्याकडून किंवा केंद्रीय जल आयोगाच्या ठाण्यावरून लेखी घ्या आणि सगळ्या पातळ्या एका तक्त्यात मीटरमध्ये आणा. फुटाचा आकडा शेजारी ठेवा, गावात लोकांना तोच कळतो. मग गावातल्या ओळखीच्या खुणा त्याच तक्त्यात घाला, शाळेची पायरी, मारुतीच्या देवळाचा कट्टा, पुलाचा कठडा. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते म्हातारी माणसं बोटानं दाखवतात, तिथं रंगानं रेघ मारा आणि सर्व्हेवाल्याकडून तिची उंची काढून घ्या. ही रेघ कुठल्याही सॅटेलाइट नकाशापेक्षा भारी असते.

दुसरं माप क्युसेक आणि टीएमसीचं. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साठा मोजायला. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते. हे दोन जोडणारा आकडा पाठ करा: ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास वाहिलं की १ टीएमसी. म्हणजे १ लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साधारण ८.६४ टीएमसी. हे कशासाठी, तर अलमट्टीची साठवण १२३ टीएमसीच्या आसपास आहे, आत ४ लाख क्युसेक येत असेल तर दिवसाला साडेचौतीस टीएमसी येतं, म्हणजे अख्खं रिकामं धरणसुद्धा साडेतीन दिवसांत भरेल, आणि ऑगस्टमध्ये ते रिकामं नसतंच. आता तुम्हीच ठरवा मोठ्या पुरात धरणवाल्यांच्या हातात किती असतं.

अलमट्टीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. सांगली-कोल्हापुरातल्या पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळं मागं चढणारं पाणी, जबाबदार की नाही यावर आपल्याकडं भांडणं होतात, २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर खापर फोडलं नव्हतं तरी वाद काही मिटला नाही, आणि उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायच्या कर्नाटकच्या मागणीला महाराष्ट्राचा विरोध आहेच. हे भांडण तुमच्या तक्त्यात आणू नका. तक्त्यात फक्त आवक, पातळी, विसर्ग आणि वेळ लिहायची. ज्या दिवशी तुम्ही तिथं "त्यांनी पाणी अडवलं" असं लिहाल त्या दिवसापासून पलीकडचा माणूस तुमचा फोन उचलणार नाही.

धोके वेगवेगळे लिहू नका, महिन्यांवर मांडा

नेहमीची पद्धत म्हणजे पूर, भूकंप, दरड, वीज, दुष्काळ अशी यादी आणि प्रत्येकापुढं "मध्यम", "जास्त". असली यादी भिंतीवर लावायला बरी. त्याऐवजी बारा महिन्यांचे बारा रकाने करा आणि प्रत्येक धोका त्याच्या महिन्यांवर आडवा ओढा, मग कुठले धोके एकमेकांवर चढतात ते आपोआप दिसतं.

आपल्या पट्ट्यात साधारण असं दिसेल. मार्च ते मे पाणीटंचाई, जत आणि अथणी दोन्हीकडं सारखीच, याच काळात कर्नाटक कोयना-वारणेतून कृष्णेत पाणी सोडा म्हणून मागणी करतं. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत वळीव आणि वीज. जुलै-ऑगस्ट पूर आणि वरच्या घाटात दरडी. पुढं सप्टेंबर ते डिसेंबर धरणं भरलेली. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला होता, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली, आणि कोयना-वारणा परिसरातले धक्के जलाशयातल्या पाण्याशी जोडलेले आहेत असं शास्त्रज्ञ मानतात. धरणाला तेव्हा तडे गेले होते, नंतर ते मजबूत केलं, त्यामुळं उगाच घाबरवायचं नाही, पण "भरलेलं धरण आणि भूकंप" ही ओळ तक्त्यात असलीच पाहिजे, कारण त्याचा परिणाम पाटणला जितका तितकाच खाली रायबागलाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं मोठ्या धरणांना आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केलाय, धरण फुटलं तर पाणी कुठवर आणि किती वेळात जाईल ते त्यात असतं. तो तुमच्या तालुक्यापुरता भाग तहसीलदारांमार्फत मागवा.

आता एकमेकांवर चढणारे धोके म्हणजे काय ते २०२१ नं दाखवलं. २२ जुलैच्या आसपास एका दिवसात महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच पावसात पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं दरडी, रायगडात तळीये, चिपळूण पाण्याखाली, आणि इकडं पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं. वर कोविड, निवारा केंद्रात माणसं दाटीनं बसवायची नाहीत. या सगळ्यांना एनडीआरएफच्या त्याच टीम हव्या होत्या. आता तुमच्या आराखड्यात "एनडीआरएफ येईल" असं लिहिलंय ना, पुण्याची पाचवी बटालियन, ठीक, पण त्याच दिवशी ती अजून किती आराखड्यांत लिहिलीय? दोन्ही राज्यांचे कागद शेजारी ठेवले की हा प्रकार लगेच कळतो, एकच बोट, एकच क्रेन, एकच ब्लड बँक दोन-तीन ठिकाणी मोजलेली असते.

एकातून दुसरं कसं निघतं

प्रत्येक धोक्यापुढं "मग काय होईल?" असा प्रश्न निदान तीनदा विचारा. नदी चढली, मग काय? जॅकवेल, म्हणजे नदीतून पिण्याचं पाणी उपसायची विहीर, बुडालं. मग काय? पंप बंद, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही, कोल्हापुरात हे झालेलं आहे. मग काय? टँकर, पण टँकरला रस्ता नाही आणि डिझेल नाही. २०१९ ला हायवे बंद पडल्यावर कोल्हापुरात पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावं लागलं होतं, दुधाचं संकलन थांबलं होतं. म्हणजे पुराचा आराखडा करताना डिझेलचा रकाना नसेल तर तो आराखडा अर्धाच.

संगमाची गंमत वेगळी. नृसिंहवाडीला कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. त्यामुळं कोल्हापुरात पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी शिरोळकडं पाणी उतरत नाही. शिवाय सांगलीच्या खाली नदीचा उतार फार कमी, पाणी रेंगाळतं. आणि राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक, तिथं कुणी अधिकारी "आता सोडू का" म्हणून विचारत बसत नाही. तेव्हा तिथला इशारा दरवाजा उघडल्यावर घेऊन उपयोग नाही, तो पातळी भरत आल्यावरच घ्यायचा. आणि नुसत्या धरणांवर लक्ष ठेवूनही भागत नाही, धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस कुणाच्याच दरवाजातून येत नाही, तो थेट नदीत.

गुण देताना

साधारणपणे शक्यता आणि नुकसान असे दोन गुण देतात, एक ते पाच, आणि गुणाकार करतात. करा, पण गुणाकारावर फार विसंबू नका. भूकंपाला शक्यता १, नुकसान ५, गुणाकार ५. विजेला शक्यता ५, नुकसान १, गुणाकार ५. म्हणजे दोन्ही सारखे? म्हणून मी तिसरा रकाना घालतो: हातात वेळ किती. भूकंपाला शून्य. दरडीला बहुतेक वेळा शून्यच, फार तर भेगा, झुकलेली झाडं, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होणं एवढी सूचना मिळते. विजेला थोडी मिनिटं, दामिनी अॅप असेल तर. महापुराला एक-दोन दिवस. टंचाईला महिने. जिथं वेळ शून्य तिथं पैसा आधीच घर मजबूत करण्यात, वस्ती हलवण्यात घालायचा, जिथं वेळ आहे तिथं फोन आणि बोटीत.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ समजून घ्या. दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि तीस वर्षांत निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के, म्हणजे जवळपास चारात एक. वर आपल्याकडं २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर झाले, त्यामुळं जुन्या आकडेवारीवरची वारंवारता मी तरी एक पायरी वाढवूनच धरतो.

आणि नुकसान मोजताना नुसती डोकी मोजू नका. कोण हलू शकत नाही ते मोजा: अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवाले, आणि हो, जनावरं. आपल्याकडं माणसं घर सोडत नाहीत त्याचं निम्मं कारण गोठ्यात असतं. म्हशी कुठं न्यायच्या ते ठरलेलं नसेल तर माणसं शेवटच्या बोटीपर्यंत थांबतात, आणि शेवटच्या बोटीत गर्दी होते. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा काय झालं ते या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. बोट किती माणसांची आणि जॅकेट किती, हा आकडा गावागणिक लिहाच.

आता सीमेचं खास

एक, फोन. सीमेवर मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल सांगता येत नाही, तुम्ही शिरोळ तालुक्यात उभं राहून १०७७ फिरवाल आणि बेळगावच्या कंट्रोल रूमला लागू शकतो. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षाचे एसटीडी कोडसकट लँडलाइन नंबर पंचायतीच्या भिंतीवर पेंटनं लिहा.

दोन, पदं. आपल्याकडं कलेक्टर म्हणतात, तिकडं डीसी, म्हणजे डेप्युटी कमिशनर. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं दोघंही आपापल्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. त्यांच्यात बैठका होतात, पाटबंधाऱ्याचे अधिकारी एकमेकांकडं येतात-जातात, ते चांगलंच आहे, पण रात्री दोन वाजता पूल बंद करायचा असतो तेव्हा लागतो तो अलीकडचा आणि पलीकडचा पोलीस पाटील किंवा पीडीओ. तिकडं ग्रामपंचायतीचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला पीडीओ म्हणतात. समोरासमोरच्या गावांची जोडी लावा, दत्तवाड-मलिकवाड, खिद्रापूर-जुगूळ, आणि प्रत्येक जोडीत दोन-दोन नावं, एक आजारी पडलं तर दुसरं.

तीन, भाषा. सीमाभागात मराठी घरात बोलणाऱ्यालाही सरकारी मेसेज कन्नडमध्ये येतो, आणि उलटंही. लेखी मेसेजपेक्षा दोन्ही भाषांत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला अर्ध्या मिनिटाचा आवाज जास्त कामाचा, देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून लावता येतो. आकडा सांगून थांबू नका, "४३ फूट झालं" नाही, "४३ फूट झालं, खालच्या गल्लीनं आता निघायचं" असं.

चार, नाका. कोविडमध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर मागत होते ते आठवत असेल. नाका कधीही बंद होऊ शकतो, कधी साथीमुळं, कधी सीमाप्रश्नाच्या आंदोलनामुळं. अॅम्ब्युलन्स, चारा आणि पाण्याच्या गाड्या अशा वेळी कुणाच्या सहीनं सोडायच्या ते आधीच लेखी करून घ्या.

तिलारीकडच्यांसाठी थोडक्यात: तिथं वरचं राज्य महाराष्ट्र आणि खालचं गोवा. धरण दोडामार्गात, पाणी पेडण्यात शापोरा होऊन जातं, २०१९ ला इब्रामपूर-चांदेल बाजूला ते शिरलं होतं. म्हणजे कृष्णेवर आपण अलमट्टीकडं बघून जे बोलतो तेच गोव्यातली माणसं आपल्याकडं बघून बोलतात. वर चोर्ला आणि तिलारी घाटातल्या दरडी, आणि दोडामार्ग-सत्तरी-खानापूरच्या जंगलपट्ट्यात माकडताप, तोही महिन्यांच्या तक्त्यात घालायचा, तो हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा.

शेवटी तक्ता कसा दिसला पाहिजे

एका गावाची एक ओळ. नमुन्याला नदीकाठचं कुठलंही गाव घ्या. पहिला रकाना: वरच्या कुठल्या गेजवर कुठली पातळी आली की आपल्याकडं हालचाल सुरू. दुसरा: तिथून पाणी आपल्यापर्यंत यायला किती तास, हे पुस्तकातून नाही, मागच्या पुरातल्या नोंदींवरून, आणि नोंदी नसतील तर या पावसाळ्यात दर तीन तासांनी लिहायला सुरुवात करा. तिसरा: आधी कुठला रस्ता जातो, मग कुठला. चौथा: कोण हलणार, कुठं, जनावरं कुठं. पाचवा: पलीकडच्या गावातल्या कुणाला फोन करायचा. सहावा: त्याच दिवशी वरच्या घाटात दरड पडली आणि बाहेरून कुणीच आलं नाही तर तीन दिवस कशावर काढायचे.

सहावा रकाना भरताना सगळे गप्प होतात. तिथंच जास्त वेळ घाला.

मग मे महिन्यात, म्हणजे कामाची गडबड सुरू व्हायच्या आधी, दोन्ही बाजूची माणसं एका ठिकाणी बसवून खोटा पूर चालवून बघा. एकानं आकडे वाचायचे, "राजाराम ४१, पाऊस चालू, हायवे बंद", बाकीच्यांनी खरोखर फोन लावायचे, पाठ केलेलं बोलायचं नाही. निम्मे नंबर बदललेले निघतात, एखादा अधिकारी बदलून गेलेला असतो, बोटीचं इंजिन दुरुस्तीला असतं. ते तिथल्या तिथं तक्त्यात दुरुस्त करा, खाली तारीख टाका, आणि एक प्रत पलीकडच्या पंचायतीत कन्नडमध्ये द्या. पूर येऊन गेला की आठवड्याच्या आत, चिखल वाळायच्या आधी, भिंतींवरच्या नवीन खुणा मोजून घ्या, कारण एकदा रंगकाम झालं की त्या गेल्या.